दहा बोटांचे नाना

आमच्या लोधीपुऱ्यात नाना ड्रेसरांनी कुणाला तोंडावरून ओळखल्याचं मला आठवत नाही. समोरून माणूस आला की ते आधी त्याच्या पायांकडे बघायचे, बराच वेळ बघायचे, आणि तेवढ्यात तो काही बोललाच तर आवाजावरून नाव लावायचे. माझ्या धाकट्या भावाने दाढी वाढवली, काढली, पुन्हा वाढवली. नानांना त्याचा पत्ता नव्हता. त्याच्या डाव्या पायाच्या करंगळीवर कुरूप आलं ते मात्र त्यांनी रस्त्याच्या पलीकडून पाहिलं आणि तिथूनच ओरडले, "ब्लेड लावू नको रे भो!" भाऊ त्या वेळी होणाऱ्या सासऱ्यांशी बोलत उभा होता.

नाना सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं आणि निवृत्त झाल्यावरही ते थांबवायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. सकाळी आठला ते ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. मांडीवर दाढीचा आरसा. त्यात ते आधी स्वतःचे तळवे बघायचे, दोन्ही, मग बोटांच्या बेचक्या, एकेक करून, आणि मग गल्लीकडे वळायचे. त्यांना पन्नाशीत शुगर निघाली होती. गल्लीत आणखी पंधरा-वीस जणांना होती. त्यातल्या निम्म्यांना ती आहे हे नानांनीच सांगितलं होतं, तेही चपलांवरून.

हे चपलांचं प्रकरण खरं आहे. लग्नात लोक स्टेजकडे बघतात, नाना मंडपाच्या दाराशी चपलांच्या ढिगाकडे बघत उभे राहायचे. टाच कुठे झिजली, अंगठा कुठे रुतला, आत मुंग्या कशाला लागल्यात. एकदा जेवणाच्या पंगतीत त्यांनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, "तपकिरी सँडल ज्याची असंल त्याले शुगर तपासाले सांगा." सँडल व्याह्यांची निघाली. व्याही रुसले, तपासायला गेले, आणि पुढे तीन वर्षं नानांशी बोलले नाहीत. नाना म्हणाले, "नाही बोलत, नको बोलू दे. चालतो तर आहे."

आणखी एक खोड अशी की नाना कुणाला आपल्या पाया पडू देत नसत. आमच्याकडे वडीलधारा माणूस दिसला की वाकायचं, ही रीतच आहे. पण तुम्ही वाकायच्या आत नानाच तुमच्या पायाशी वाकलेले असायचे. बाया किंचाळून मागे सरायच्या. म्हाताऱ्या माणसाने आपल्या पायाशी वाकलं तर आपलं आयुष्य कमी होतं, असं आमची आई म्हणायची. नाना म्हणायचे, "पाय दाखव, वाढतं." माझं लग्न झालं त्या दिवशी माझी बायको त्यांच्या पाया पडायला वाकली, त्याच क्षणी तेही वाकले, आणि दोघांची डोकी आपटली. माझ्या बायकोला सासरी मिळालेला पहिला आशीर्वाद असा होता: "टाचेले भेग आहे. व्हॅसलिन लावत जा. बोटांच्या मधी नको लावू, तिथं कोरडं ठेवायचं."

त्यांचे नियम गल्लीला पाठ होते. चप्पल घालायच्या आधी आत हात घालून बघायचं. मोजे पांढरेच वापरायचे, कारण रक्त पांढऱ्यावर दिसतं. देवळात जायचं तर उन्हाच्या आत जायचं, तापलेल्या फरशीवर देव भेटत नाही. आणि पायावर पाणी घ्यायच्या आधी त्यात कोपर बुडवायचं. हात नाही, कोपर. "हात भाकरी उलटून उलटून मेलेला असतो," ते म्हणायचे, "त्याची साक्ष नको. कोपर खरं बोलतं."

इतवाऱ्यात मावा जिलेबीच्या दुकानासमोर एक बाक आहे, तिथेही ते काही दिवस जाऊन बसायचे. खायला नाही, बघायला. गिऱ्हाइकांचे पाय तिथे एकाच जागी सापडतात, असं त्यांचं म्हणणं. चार दिवसांनी दुकानदाराने हात जोडून त्यांना घरी पोचवलं.

तरीही नानांचं ऐकायला लोक लागले ते रमणसेठमुळे. रमणसेठ केळीचे व्यापारी. अंगाने दांडगे, आवाज त्याहून दांडगा. एके दिवशी दुपारी ते आमच्या गल्लीतून चालले होते आणि फरशीवर त्यांच्या पावलाचा टक, टक असा आवाज येत होता. एकाच पायाचा. नानांनी हाक मारली, "सेठ, नाल ठोकली का काय?" सेठ हसत ओट्यावर टेकले आणि चप्पल काढायला गेले तर निघेना. केळीच्या खोक्याचा खिळा खालून चप्पल फोडून थेट तळव्यात गेला होता आणि त्याचं डोकं फरशीवर वाजत होतं. सकाळी सहापासून, लिलावापासून, सेठ त्यावर चालत होते.

"मला तर काहीच दुखलं नाही," सेठ जरा अभिमानानेच म्हणाले. "आपन मजबूत आदमी आहे, नाना."

"मजबूत नाही," नाना म्हणाले. "तार कटली तुमची. मेंदूकडे खबरच जात नाही. दुखलं असतं तर मी घाबरलो नसतो."

आणि मग ते आपलं नेहमीचं वाक्य बोलले, जे गल्लीतलं शेंबडं पोरही नक्कल करून दाखवायचं: "दुखत नाही, हीच तर तक्रार आहे!"

सेठना त्यांनी त्याच पायाने दवाखान्यात नेलं नाही, रिक्षात घालून नेलं. सेठचा पाय वाचला. तेव्हापासून ते नानांच्या दारावरून जाताना आपणहून चप्पल काढून तळवा वर करून दाखवायचे. भर रस्त्यात, एका पायावर उभे राहून.

हे सगळं लिहिताना हसू येतं. पण नाना हसायचे नाहीत. त्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं.

त्यांचा मोठा भाऊ एकनाथ पॉवरलूमवर होता. अनवाणी काम करायचा. नाना दवाखान्यात रोज तीस-चाळीस जणांचे पाय बांधायचे आणि घरी येऊन भावाच्या शेजारी जेवायला बसायचे. एकनाथदादाने पाय पांघरुणाखाली लपवला होता. दुखत नव्हता ना. वास आला तेव्हा नानांना कळलं, आणि तोवर गुडघ्याखालून पाय काढण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. कापलेला पाय नातेवाइकाच्या हवाली करतात. तो नानांनी तापीकाठी नेऊन पुरला. "वजन असतं रे मास्तर पायाले," ते म्हणाले. "मले वाटलं नव्हतं इतकं असंल." दादा त्यानंतर दोन वर्षांत गेला. त्या दिवसापासून नानांचा एकच हट्ट होता आणि तो ते सत्यनारायणाच्या पूजेतही बोलून दाखवायचे: "मी दहाच्या दहा बोटं घेऊन जानार. एक कमी नाही."

मी गणिताचा मास्तर. माणसाने आयुष्याचं ध्येय इतकं मोजकं ठेवलेलं मी दुसरं पाहिलं नाही.

या हट्टावर पाणी पडलं ते अक्षरशः पडलं, आणि ते त्यांच्या सासूबाईंनी ओतलं.

सासूबाई म्हणजे राजपुऱ्याच्या माई. तेव्हा पंच्याऐंशीच्या. त्या वर्षी अधिक श्रावण आला. धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि जावयाला देवाचा मान देऊन जातो. जावई सत्तरीचा असला तरी रीत सुटत नाही. पाटावर बसवायचं, परातीत पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं. नानांच्या पत्नी, आमच्या शालिनीकाकू, सकाळपासूनच माहेरी तळणाला गेल्या होत्या. नानांना स्कूटरवर मी घेऊन गेलो. बाहेर पाऊस होता.

माईंना कुणीतरी सांगितलं होतं की जावयाच्या पायांना मुंग्या येतात. त्यांनी त्यावर आपल्या मनाने उपाय काढला होता. पातेलंभर पाणी गॅसवर तापवलं, त्यात मीठ टाकलं, आणि त्यातून तांब्या तांब्या परातीत ओतलं. "शेक बसंल तुमच्या पायाले, जावाईबापू," त्या म्हणाल्या. आपल्या हाताने चोळून चोळून त्यांनी पाय धुतले. साठ-सत्तर वर्षं तव्यावरच्या भाकऱ्या उलटलेले हात. नाना पाटावर ताठ बसले होते. ज्या माणसाने अख्ख्या लोधीपुऱ्याला कोपर बुडवायला शिकवलं, तो सासूसमोर वाकून परातीत कोपर कसं घालणार? मान घेणाऱ्याने हलायचं नसतं. त्यात काकूंच्या भावाचा कॉलेजात जाणारा मुलगा मोबाइल घेऊन समोर. "फुफाजी, एक मिनट, पाय तसेच ठेवा, फोटो हलला." दुसरा फोटो झाला. मग आरती झाली, सगळी कडवी झाली. पाय परातीत होते.

नानांच्या चष्म्यावर वाफ धरली होती. ती मी पाहिली. मला ती धुपाची वाटली. या एका गोष्टीसाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. नानांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि काही बोलले नाहीत. का बोलले नाहीत ते नंतर कळलं.

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "मोजा कशाने ओला झाला?" पावसाने, असं नाना म्हणाले. एकच मोजा ओला होता.

फोड आले होते. दोन्ही पायांवर, पण उजव्या अंगठ्याखाली सगळ्यात मोठा, आणि तो फुटला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दवाखान्यात रांगेत बसले. स्वतःच्याच जुन्या टेबलासमोर, उलट्या बाजूने. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नानांना ओळखत होत्या. त्यांनी पाय पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"नाना, तुम्ही?"

"लिहा," नाना म्हणाले, "पेशंट बेपर्वा आहे."

त्यांनी कारण विचारलं. नानांनी "बादलीतलं पाणी गरम होतं" एवढंच लिहवून घेतलं. माईंचं नाव नाही. परातीचं नाव नाही. बाहेर आल्यावर मलाही दम भरला, "राजपुऱ्यात शब्द गेला तर तुझी अन् माझी ओळख नाही."

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. सूज हाडापर्यंत उतरली तर अंगठा काढावा लागेल. औषधं, रोज ड्रेसिंग, आणि पाय जमिनीला लावायचा नाही. अंगठ्याभोवती जिथवर लाली होती तिथे त्यांनी निळ्या पेनने रेघ मारली. "लाली या रेघेच्या बाहेर आली की वेळ न घालवता या. दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही."

नाना खाटेवर पडले, पाय उशीवर. ड्रेसिंगला रिक्षाने जायचे आणि त्यांनीच शिकवलेल्या ड्रेसरला पट्टी बांधण्याच्या पद्धतीवरून बोलून यायचे. एरवी त्यांचं ठीक दिसत होतं. माईंचा मात्र रोज फोन यायचा.

"शेकाने आराम पडला का हो, जावाईबापू?"

"लई. लई आराम पडला."

"मंग दर गुरवारी येत जा ना. मी पानी तापवून ठेवते."

नानांनी फोनवर हात ठेवून छताकडे पाहिलं. "डॉक्टरीन पायऱ्या चढू देत नाही, माई. गुडघ्याचं म्हनते."

चौथ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना त्यांनी मला हाक मारली. काकू गुडघ्यांमुळे खाली वाकू शकत नव्हत्या, त्या स्वयंपाकघरात होत्या. नाना आरसा हातात धरून बसले होते.

"मास्तर, पट्टी जरा सरकवून पाह्य. लाली रेघेच्या आत आहे का बाहेर?"

"आरशात दिसत नाही का?"

त्यांनी आरसा उलटा करून गादीवर ठेवला.

"मले रेघच दिसत नाही," ते म्हणाले. "सहा महिने झाले. डोयाच्या पडद्यावर शुगर उतरली. चष्म्यावर वाफ आली तवा मले वाटलं, डोये आनखी गेले."

सहा महिने. सहा महिने ते रोज सकाळी ओट्यावर आरसा धरून बसत होते, आणि त्यांना आरशात काही दिसत नव्हतं. आम्ही समोरून जाताना पाय दाखवत होतो आणि ते "ठीक आहे, जा" म्हणत होते. मला राग आला. आधी त्यांचा, मग माझा. राग आला तेव्हा मी त्यांच्या उजव्या पायाशी गुडघे टेकून बसलो होतो, आणि नानांनी आयुष्यात पहिल्यांदा गल्लीतल्या कुणाला तिथे बसू दिलं होतं.

लाली रेघेच्या बाहेर बोटभर गेली होती.

मी शाळेत गेलो नाही. अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. नानांना भरती करून घेतलं, शिरेतून औषध सुरू झालं. डॉक्टरीणबाई दोनदा म्हणाल्या, आणखी उशीर केला असता तर सांगता आलं नसतं. नाना खाटेवर डोळे मिटून पडले होते. दर दोन-तीन तासांनी एकच प्रश्न विचारायचे, "रेघ?" तिसऱ्या दिवशी मी म्हणालो, "आत." नानांनी माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. त्या माणसाने माझ्या हाताला कधी हात लावला नव्हता, पायालाच लावला होता.

जखम भरायला दसरा उजाडला. डोळे मात्र तेवढेच राहिले. आता रोज पाय कुणी बघायचे, हा प्रश्न होता. मी रोज यायचो, पण मी एकटा. नानांनी त्यावर जो तोडगा काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकतो.

दसऱ्याला गल्लीतली सगळी मंडळी सोनं द्यायला घरोघर फिरतात. आपट्याचं पान हातावर ठेवायचं आणि वाकायचं. त्या संध्याकाळी नाना ओट्यावर दोन्ही पाय स्टुलावर पसरून बसले होते, बाजूला चालू बॅटरी. पहिला आला तो शेजारचा पप्पू, बँकेत नोकरीला. सवयीने तो मागे सरकत वाकला. नाना हलले नाहीत.

"पड पाया. अन् वाकलाच आहे तर तळवा पाहून सांग."

पप्पू गडबडला. बॅटरी मारून म्हणाला, "सब बढिया आहे नाना."

"बढिया हा रंग नाही. रंग सांग. बेचक्यांमधी पाह्यलं? अन् वास घे."

पप्पूने सणाच्या नव्या कुर्त्यात वास घेतला. त्याच्यामागे रांग लागली. बायका, म्हातारे, पोरीबाळी, रमणसेठ. प्रत्येकाने सोनं दिलं, पाया पडला, बॅटरी मारली आणि अहवाल दिला. अहवाल जुळत नव्हते. एकजण म्हणाला टाचेवर ठिपका आहे, दुसरीने तो कुंकवाचा आहे असं सिद्ध केलं. नानांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी मला म्हणाले, "चाळीस डॉक्टर फुकट. मी उगीच इतकी वर्षं कोनाले वाकू देत नव्हतो."

त्यानंतर तो रिवाजच पडला. नानांच्या दारावरून जाणारा माणूस वाकायचा, बघायचा, सांगायचा आणि पुढे जायचा. नव्याने राहायला आलेल्या लोकांना वाटायचं, हे कुणीतरी मोठे महाराज असावेत. चार वर्षं हे चाललं. चार वर्षांत दोनदा चिरा पडल्या आणि दोन्ही वेळा त्या पडल्या त्याच दिवशी दिसल्या.

गेल्या थंडीत नाना गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. हृदयाचं होतं, असं डॉक्टर म्हणाले. पायांशी त्याचा काही संबंध नव्हता.

अंगणात त्यांना ठेवलं होतं. लोक येत होते, पाया पडत होते. मी भिंतीशी उभा राहून पाहत होतो. जो वाकत होता तो वाकलेलाच राहत होता, क्षणभर जास्त. रमणसेठने अंगठ्याखाली पाहिलं. पप्पूने बेचक्या पाहिल्या. माझ्या बायकोने टाचा पाहिल्या आणि पदर डोळ्यांना लावला. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. दहाही बोटं होती.

माईंना राजपुऱ्याहून रिक्षाने आणलं. नव्वदीला टेकलेल्या, पाठीत वाकलेल्या. शालिनीकाकूंना पोटाशी धरून त्या थोडा वेळ बसल्या. मग गल्लीतल्या पोरांनी शेवटच्या अंघोळीसाठी चुलीवर तापवलेलं पाणी बादलीत ओतून आणलं आणि नानांच्या पायाशी ठेवलं. मी तांब्या बुडवायला वाकलो, तर माईंनी माझं मनगट धरलं.

"थांब," त्या म्हणाल्या.

त्यांनी चोळीची बाही वर सारली आणि आपलं कोपर बादलीत बुडवलं. तसंच धरून ठेवलं. त्यांना कुणी सांगितलं, कधी सांगितलं, मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. काकूंकडे पाहिलं तर त्या मानेनेच नाही म्हणाल्या.

"ऊन आहे," माई म्हणाल्या. "गार घाला थोडं."

मी नळाखालून कळशी भरून आणली आणि बादलीत ओतली. माईंनी पुन्हा कोपर बुडवलं, पुन्हा थांबल्या. मग त्यांनी मान हलवली, आणि मी पहिला तांब्या नानांच्या पायांवर घातला.